वाजीकरणाची मागणी आणि पडद्यावरचे व्यसन

लालबाग-परळच्या औषधपेढ्यांना दिवेलागणीनंतर येणारा एक ग्राहक चांगला परिचित आहे. गर्दी असेपर्यंत तो बाजूला उभा राहतो. दुकान रिकामे झाले की हलक्या आवाजात 'शक्तीचे काहीतरी' मागतो. अश्वगंधा, कवचबीज, सफेद मुसळी किंवा शिलाजीत यांचा एखादा कल्प हाती पडला की व्यवहार संपतो. याच सुमारास त्याची आई सुनेला घेऊन वैद्याकडे येते. लग्नाला दोन वर्षे झाली, घरात पाळणा हलला नाही, सुनेला औषध द्या, असा तिचा आग्रह असतो. पती-पत्नींमध्ये कित्येक महिने शरीरसंबंधच नाही, ही गोष्ट कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही.

अशा तक्रारींमागे मधुमेह असू शकतो, रक्तदाब असू शकतो. परंतु आज काही रुग्णांच्या बाबतीत रात्र रात्र अश्लील चित्रफिती पाहण्याची सवयही असते. तिचा विचार आपल्या रुग्णेतिहासात क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

जुना संकोच, नवे साधन

लैंगिक अज्ञान हा आपल्या परिसरातील जुना रोग आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्वे यांना दंड झाला. शास्त्रीय माहितीची वाट अशी अरुंदच राहिली आणि चित्रांची वाट मात्र रुंद होत गेली. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि ती प्रत्येकाच्या खिशात येऊन पोहोचली.

चाळीतील जीवनाचा येथे विशेष विचार करावा लागतो. बी.डी.डी. चाळीतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीत दोन-तीन पिढ्या राहिल्या, तर नवदांपत्याला एकांत कोठून मिळणार? मोबाइल व इअरफोन एवढे जवळ असले, तर एकट्या पुरुषाला मात्र गॅलरीच्या कोपऱ्यातही एकांत मिळतो. दोघांचा एकांत दुर्मीळ आणि एकट्याचा सुलभ, या विषमतेत सवय फोफावते.

व्यसन कोणाला म्हणावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार' समाविष्ट आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. तेथे हा विकार व्यसनांत नव्हे, तर आवेगनियंत्रणाच्या विकारांत धरला आहे. सहा महिने वा अधिक काळ आवेग आवरता न येणे, प्रकृती, काम व नातेसंबंध यांची हानी होऊनही वर्तन चालू राहणे, ही त्याची लक्षणे होत. केवळ नैतिक अपराधभावामुळे होणारा त्रास निदानास पुरेसा नाही, असेही तेथे स्पष्ट केले आहे. म्हणून कधीमधी पाहणाऱ्यावर व्यसनी असा शिक्का मारू नये. चित्रफितींमुळेच लिंगोत्थानाची अक्षमता येते काय, याविषयी संशोधकांत एकमत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आयुर्वेदीय विचार

या सवयीत असात्म्येंद्रियार्थसंयोग आणि प्रज्ञापराध ही दोन्ही कारणे एकत्र दिसतात. चक्षुरिंद्रियाचा अतियोग व मिथ्यायोग घडतो. अहित आहे हे कळत असूनही धृती मनाला आवरीत नाही. रात्री जागरण होऊन निद्रा व ब्रह्मचर्य हे दोन उपस्तंभ एकदमच डळमळतात.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात वृष्य भावांत संकल्पाला आणि अवृष्य भावांत दौर्मनस्याला श्रेष्ठ स्थान दिले आहे. या रुग्णाचा संकल्प पडद्याकडे वळलेला असतो आणि पत्नीच्या सान्निध्यात उरते ते दौर्मनस्य, म्हणजे लाज, भीती व तुलना. सुश्रुताचार्यांनी क्लैब्यप्रकारांत मानस क्लैब्य वेगळे सांगितले आहे, ते येथे स्मरावे. 'धातू गेली' या भीतीने खचलेल्या रुग्णाला आपणच शुक्रक्षयाचे भय घातले, तर दौर्मनस्य वाढते व व्याधी दृढ होतो.

पत्नीची बाजू

पतीची अनास्था पाहून 'दोष माझ्यातच आहे' असे पत्नी समजते. निद्रानाश, छातीत धडधड, अरुची अशा तक्रारी घेऊन ती येते. मूळ दुःख बोलत नाही. पुढे मोबाइलमधील गोष्ट कळली की विश्वास तुटतो. कधी पडद्यावरचे पाहून पती नको ते आग्रह धरतो, तेव्हा संबंधाचीच धास्ती बसते. म्हणून वंध्यत्वासाठी आलेल्या दांपत्याला शरीरसंबंधाविषयी स्वतंत्रपणे, सासूच्या अनुपस्थितीत विचारावे.

चिकित्सेची दिशा

प्रथम रक्तशर्करा, रक्तदाब, तंबाखू, मद्य व चालू औषधे यांची चौकशी करावी. उत्थानदोष ही हृद्रोगाची पूर्वसूचनाही असू शकते. पहाटे आपोआप उत्थान होते, पण पत्नीजवळ होत नाही, तर कारण बहुधा मानसिक समजावे.

त्यानंतर सत्त्वावजय. अहित विषयांपासून मनाचा निग्रह हे त्याचे स्वरूप; मात्र 'सोडून द्या' एवढ्या उपदेशाने तो साधत नाही. ओढ केव्हा लागते याची नोंद रुग्णाने ठेवावी. एकटेपणा, जागरण, नोकरीची चिंता, भांडण असे कारण त्यातून उघड होते. रात्री मोबाइल अंथरुणापासून दूर ठेवावा, झोपेची वेळ ठरवावी, व्यायाम व अभ्यंग सुरू करावा. काही काळ संबंधाचा आग्रह न धरता पती-पत्नींनी केवळ सहवास व संवाद वाढवावा. रसायन-वाजीकरण कल्प प्रकृती पाहून, या क्रमानंतर सहायक म्हणून द्यावेत. तीव्र नैराश्य वा आत्मघाताचे विचार दिसल्यास रुग्णाला विनाविलंब के.ई.एम. सारख्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवावे. १४४१६ ही शासनाची टेलि-मानस सेवाही उपलब्ध आहे.

औषधपेढीच्या मालकांचे दायित्वही मोठे आहे. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कामोत्तेजक उत्पादनांत सिल्डेनाफिलची छुपी भेसळ वारंवार आढळली आहे. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने धोकादायकरीत्या घसरतो. लैंगिक सामर्थ्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई आहे. अनोळखी उत्पादकाचा माल ठेवू नये आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या ग्राहकाला वैद्याची भेट घेण्यास सुचवावे.

दिवेलागणीनंतर येणारा तो ग्राहक डबी मागतो, कारण मागण्यासारखे दुसरे काही त्याला ठाऊक नसते. त्याला आत बोलावून बसावयास सांगणे, ही चिकित्सेची पहिली पायरी होय.