कुत्र्याचें नांव ‘गुंड्या’ ठेवावें काय?

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें आणि त्याच दशकांत चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपानें, घरोघरीं पोहोंचले. अशा आवडत्या विनोदी पात्राचें नांव घरच्या कुत्र्यास द्यावें काय?

अवश्य द्यावें, परंतु आधीं कानानें पारखावें. कुत्रें नांवाचा अर्थ जाणत नाहीं, ध्वनि ओळखतें. म्हणून नांव आटोपशीर असावें व ‘बस’, ‘थांब’ या आज्ञांहून निराळें ऐकूं यावें. ‘चिमणराव’ हें हांकेस लांब पडतें. ‘गुंड्या’ मात्र मोत्या, खंड्या, वाघ्या यांच्या पंक्तींत सहज बसतें. याच पुणें जिल्ह्यांतील जेजुरीच्या खंडोबापाशीं कुत्र्यास मान आहे आणि देवाच्या भक्तांसही ‘वाघ्या’ म्हणतात.

दुसरी कसोटी शेजारधर्माची. आमच्या भवानीनगरसारख्या साखर कारखान्याच्या गांवीं एका दारची हांक चार दारीं ऐकूं जाते. शेजारीं कोणी गुंडोपंत राहत असतील, तर ‘गुंड्या, चालता हो!’ ही आरोळी त्यांच्या जिव्हारीं लागेल. कुत्र्याची सोबत दहाबारा वर्षांची असते; तेवढा काळ तें नांव रोज उच्चारावयाचें आहे. म्हणून बारशापूर्वीं दारांत उभें राहून तें एकदां मोठ्यानें म्हणून पाहावें.