रेशीम कोष आणि मूलपेशींचा आधार

धाग्यातील दोन प्रथिने
बीड जिल्ह्यात अनेक शेतकरी तुती लावून रेशीम कोषांचे उत्पादन घेतात. कोषाच्या धाग्यात फायब्रॉइन या बळकट प्रथिनाचा गाभा असतो व त्याभोवती सेरिसिन या चिकट प्रथिनाचे आवरण असते. वस्त्राला बळ देणारे फायब्रॉइन ऊती अभियांत्रिकीत, म्हणजे शरीराच्या ऊती नव्याने घडवण्याच्या शास्त्रातही उपयोगी पडते.

स्कॅफोल्ड म्हणजे काय
पेशी तंतुमय जाळ्याच्या आधाराने वाढतात. हाडाचा किंवा त्वचेचा भाग नष्ट झाला की हे जाळेही नष्ट होते. त्याची जागा काही काळ घेणारी सच्छिद्र, शरीराला मानवणारी चौकट म्हणजे स्कॅफोल्ड. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकान्टी यांच्या १९९३ मधील लेखाने ऊती अभियांत्रिकी या विद्याशाखेला ठळक रूप दिले.

निर्मिती
फायब्रॉइनचा स्कॅफोल्ड बनवताना कापलेले कोष सोडियम कार्बोनेटच्या सौम्य द्रावणात सुमारे अर्धा तास उकळले की सेरिसिन सुटते. मागे राहिलेले कापसासारखे तंतू लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळवतात आणि डायलिसिसने क्षार वेगळा करतात. या फायब्रॉइन द्रावणात मिठाचे खडे घालतात. द्रावण घट्ट झाल्यावर मीठ धुऊन काढले की खड्यांच्या जागी छिद्रे राहतात. म्हणून खड्यांच्या आकारावर छिद्रांचा आकार ठरतो.

मूलपेशींवर परिणाम
छिद्रे एकमेकांना जोडलेली असतील तरच पेशी आत शिरतात आणि पोषकद्रव्ये त्यांच्यापर्यंत पोहोचतात. चौकटीचा कडकपणाही पेशींना दिशा देतो. अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, मऊ पृष्ठभागावर चेतापेशींची, तर कडक पृष्ठभागावर हाडाच्या पेशींची लक्षणे दाखवतात, असे २००६ मध्ये प्रयोगातून दिसले.

उपयोग
पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनच्या स्कॅफोल्डवर संशोधन झाले. त्यातूनच डॉ. अनुया निसळ यांच्या पुढाकाराने सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. जखमा भरणे आणि हाडातील पोकळी बुजवणे, ही तिच्या कामाची मुख्य क्षेत्रे आहेत.

मर्यादा
रक्तवाहिनीपासून सुमारे २०० मायक्रोमीटरपलीकडच्या पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. त्यामुळे जाड ऊती घडवणे अजून कठीण आहे. सेरिसिनचे अवशेष राहिल्यास दाह होऊ शकतो. चौकटीच्या विघटनाचा वेगही नेमका साधावा लागतो. फायब्रॉइनमधील स्फटिकी भाग वाढला की चौकट अधिक टिकते, पण ती रेंगाळली तर नव्या ऊतीला जागा उरत नाही आणि लवकर विरली तर आधार तुटतो. म्हणून कोणताही स्कॅफोल्ड त्याच्या बळाइतकाच विरण्याच्या वेगावरही पारखावा लागतो.