दहा हजार पावलं कुणी ठरवली?

डॉक्टर आपल्याला वर्षभरात भेटून भेटून भेटणार किती? फार तर तासभर. बाकीचा सगळा वेळ तब्येतीचा कारभार आपल्याच हाती. त्या कारभाऱ्यांसाठी हे काही आकडे, त्यांच्या पोटातल्या गमतींसकट.

१०,००० पावलं
हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही, दुकानातून आला. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. ती हेरून यामासा कंपनीनं १९६५मध्ये कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि खपावं म्हणून त्याच्या नावातच दहा हजार घालून टाकले. २०१९मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोजच्या ४,४०० पावलांनाही फायदा दिसला आणि ७,५००च्या पुढे तो वाढेनासा झाला. तेव्हा रात्री अकराला उरलेल्या आठशे पावलांसाठी हॉलमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्यांनी खुशाल झोपावं.

१५ मिनिटांची शतपावली
आजीचं म्हणणं प्रयोगशाळेतही टिकलं. साठीपुढच्या लोकांवर अमेरिकेत झालेला एक छोटा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं दिवसभराच्या साखरेसाठी सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकंच कामाला आलं. रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर रोखण्यात तर ते सरस ठरलं. जेवून लगेच सोफा गाठणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

डबल डेकरचे जिने
चालक आणि कंडक्टर, बस एकच, पगारही साधारण सारखा. पण एक दिवसभर बसलेला, दुसरा सतत जिना चढ-उतार करणारा. लंडनच्या डबल डेकर बसमधली ही जोडी जेरी मॉरिस या डॉक्टरनं हेरली. १९५३मध्ये निष्कर्ष छापून आला: कंडक्टरांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी. व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकड्यांत मांडणारा हा सुरुवातीचा मोठा पुरावा. मुंबईत बेस्टची डबल डेकर १९३७मध्ये आली आणि जुन्या गाड्या २०२३मध्ये निवृत्त झाल्या. जिने मात्र प्रत्येक इमारतीत शाबूत आहेत. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

२२.३
पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, त्यांच्याच लेखासोबत झळकला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! युडकिन पळणारे, याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे बंद होणारी लिफ्ट गाठण्यासाठीची धाव, अशी कबुली त्याच लेखात मिस्कीलपणे दिलेली आहे. ‘मी कुठे जाड आहे?’ हा भारतीय युक्तिवाद त्या दिवशीच निकालात निघाला. वजनकाटा गप्प बसत असेल तर शिंप्याची टेप घ्या: कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या, बायकांची ८०च्या आत हवी.

८ ग्लास पाणी
१९४५मध्ये अमेरिकेतल्या पोषण मंडळानं दिवसाला सुमारे अडीच लिटर पाण्याची शिफारस केली. तिथेच पुढे म्हटलं होतं की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य पाठ केलं, पुढचं सोडलं. आपल्या ताटातलं वरण, आमटी, ताक, कलिंगड हे सगळं त्या हिशोबात धरा. आणि तहान लागली की प्या, मे महिन्यात विदर्भात असाल तर तहानेची वाट न बघता.

५ ग्रॅम मीठ
जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची दिवसाची मर्यादा याच्याही आतली, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. त्यात भाजीतलं आलं, भातातलं आलं, आणि ‘एवढंसं तर आहे’ म्हणत वाढलेलं लोणचं, पापड, फरसाणही आलं. पावातही मीठ असतं. ते चवीला जाणवत नाही, एवढंच. जेवणाच्या टेबलावरून मिठाची बाटली उचलून ओट्यावर ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय.

५ मिनिटं गप्प
घरी रक्तदाब मोजताना पायावर पाय टाकला, बोलत राहिलात किंवा लघवी तुंबवून बसलात, तर आकडा उगाच वर जातो. आधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. मग दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जगभरात जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नसतो, कारण तो दुखत नाही, खुपत नाही.

राजाचे नमस्कार
औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी रोज स्वतः सूर्यनमस्कार घालत आणि मग प्रजेला सांगत. संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं आणि १९३८मध्ये इंग्रजी पुस्तक लंडनमधूनही निघालं. साहित्य काय लागतं? एक सतरंजी. तीही नसली तरी चालते.

१०, ९, ६, ३
ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१पासून ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांच्या सिगारेटचा हिशोब ठेवला. पन्नास वर्षांचा ताळेबंद २००४मध्ये आला: आयुष्यभर ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो. सोडणाऱ्याला मात्र परतावा मिळतो. तिशीत सोडली तर सुमारे १० वर्षं, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीतही ३. डॉल स्वतः सिगारेट ओढत. त्याआधीच्या, १९५०मध्ये छापून आलेल्या अभ्यासाचे आकडे हाती येऊ लागले आणि त्यांनी ती सोडली. पुढे ते ९२ वर्षं जगले. संशोधन वाचून पान उलटणारे पुष्कळ. आपलंच संशोधन आधी आपल्यावर लागू करणारे थोडे.