विश्लेषण : हाड जुळते, दिवस मात्र सरत नाही! प्लास्टरमधल्या मुलाला एका खोलीत कसे रमवायचे?

नालासोपाऱ्यात शाळकरी मुलाचा हात किंवा पाय मोडला, की पहिले दोन दिवस धावपळीत जातात. एक्स-रे, प्लास्टर, औषधे, शेजाऱ्यांची ये-जा. तिसऱ्या दिवशी बाबा पहाटेची लोकल पकडतात, आई कामावर नाही तर पाण्याच्या रांगेत, आणि मूल आजीसोबत पलंगावर. खाली गल्लीत मित्रांचा क्रिकेटचा आवाज. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. पुढचे कित्येक आठवडे असेच काढायचे असतात. हे दिवस कसे गेले, यावर मुलाची झोप, भूक आणि प्लास्टरची अवस्थाही ठरते.

किती दिवस घरात राहावे लागते?

मुलांची हाडे मोठ्यांपेक्षा लवकर जुळतात. लहान मुलाचे हाड अनेकदा पूर्ण तुटत नाही. ओली काडी वाकवल्यावर एका बाजूने चिरते, तसे चिरते. मनगटाजवळच्या साध्या फ्रॅक्चरला साधारण तीन ते सहा आठवडे प्लास्टर राहते. मांडीचे हाड मोडलेल्या चिमुरड्याला कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात आणि ते सहा ते आठ आठवडे ठेवावे लागू शकते. नेमका काळ डॉक्टरच सांगणार. हात मोडलेले मूल काही दिवसांत शाळेत जाऊ शकते. खरा प्रश्न पाय मोडलेल्याचा असतो, कारण त्याला तीन जिने उचलून उतरवणारे माणूस सकाळी सातनंतर घरात नसते.

रडणे कंटाळ्याचे की दुखण्याचे?

करमणुकीचा विचार करण्याआधी हा फरक ओळखता आला पाहिजे. प्लास्टर घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस आतील सूज वाढू शकते. दाब फार वाढला तर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कायमची इजा होते. लहान मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही. ते नुसते अस्वस्थ होते, चिडते, औषध देऊनही पुन:पुन्हा दुखते म्हणते. एरवी गोष्टीत रमणारे मूल अचानक कशातच रमेनासे झाले, बोटे हलवताना किंचाळू लागले, बोटे निळी-पांढरी, गार किंवा बधिर झाली, तर ‘कंटाळला असेल’ म्हणून मोबाइल हातात देऊ नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. नंतरच्या दिवसांत प्लास्टरमधून दुर्गंधी किंवा ताप आला, तरी तेच करावे.

खाज ही दुसरी डोकेदुखी. फुटपट्टी, विणकामाची सुई, झाडूची काडी आत घालायची नाही. कातडी सोलवटली तर आत जखम चिघळते आणि बाहेरून दिसतही नाही. बाहेरून हलक्या टिचक्या मारल्या किंवा पंख्याची हवा दिली, तर थोडा आराम पडतो. पावसाळ्यात प्लास्टर भिजू न देणे हे तर स्वतंत्र काम. जुलै २०१८मध्ये रुळांवर पाणी साचून लोकल ठप्प झाल्या, ते नालासोपारा इथे कोणी विसरलेले नाही. जोरदार पावसाचा अंदाज असेल, तर तपासणीची तारीख डॉक्टरांना विचारून मागेपुढे केलेली बरी.

एका हाताने, पडल्या पडल्या काय खेळता येते?

महागडी खेळणी लागत नाहीत. चार चिंचोके फोडून अर्धुके करा, पुठ्ठ्यावर पाच बाय पाच घरे आखा, झाला अष्टाचंगा. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ. आजीला नियम पाठ असतात आणि ती मुद्दाम हरत नाही, त्यामुळे खेळ रंगतो. फुली-गोळा, नाव-गाव-फळ-फूल, भेंड्या, कोडी यांना तर जागाही लागत नाही. एक काळजी घ्यावी : चिंचोके, मणी, नाणी अशा बारीक वस्तू प्लास्टरच्या फटीतून आत जातात आणि मूल ओरडा बसेल म्हणून सांगत नाही. खेळताना प्लास्टरच्या तोंडावर ओढणी किंवा सुती कापड टाकून ठेवावे.

टाकाऊतून खेळणी करण्यात महाराष्ट्राला परके काहीच नाही. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून शेकडो खेळणी मुलांना शिकवली. त्यांना २०१८मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर कृती आणि मराठी पुस्तके मोफत आहेत. पाय मोडलेल्या मुलाचे दोन्ही हात मोकळे असतात. त्याला ही कामे सर्वांत योग्य.

नालासोपाऱ्याचीच गोष्ट का सांगू नये?

बाहेर जाता येत नसेल, तर गाव घरात आणता येते. ‘बुरुड राजाचे कोट’ या नावाने ओळखली जाणारी टेकडी १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरली, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, तिच्यात दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. तांब्याच्या डबीभोवती आठ लहान मूर्ती मांडलेल्या होत्या. सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले.

ही गोष्ट सांगून मुलासमोर जुन्या वहीचे कागद ठेवावेत : एकात एक बसणाऱ्या सहा पेट्या कर, आणि सर्वांत आतल्या पेटीत काय ठेवायचे ते तूच ठरव. मापे चुकतात, पेटी पेटीत जात नाही, पुन्हा घड्या घालाव्या लागतात. दुपार निघून जाते. संध्याकाळी आई-बाबा आल्यावर पेट्या उघडून दाखवण्याचा कार्यक्रम वेगळाच. दिवसभर वाट पाहण्यासारखे काहीतरी असणे, हे आजारी मुलाला फार लागते.

मोबाइल द्यायचा की नाही?

एका खोलीच्या घरात, मोठे माणूस स्वयंपाकात असताना, ‘मोबाइल अजिबात नको’ हा सल्ला देणे सोपे. सुई टोचताना चित्रफितीत किंवा गोष्टीत लक्ष गुंतले की दुखणे कमी जाणवते, असे अभ्यासांतही दिसले आहे. तेव्हा ड्रेसिंगच्या वेळी मोबाइल खुशाल द्यावा. एरवी भारतीय बालरोग अकादमीची मर्यादा लक्षात ठेवावी : दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांपेक्षा कमी. त्यातलाही काही वेळ वाचनाला देता येतो. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. ‘स्टोरीवीव्हर’वर लहानांसाठी मराठी चित्रगोष्टी आहेत. पाठ्यपुस्तकेही बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात, त्यामुळे दप्तर शाळेत राहिले तरी अडत नाही.

मित्रांचे काय?

मुलाला सर्वांत जास्त तेच हवे असतात. रोज एकच मित्र, अर्धा तास, आणि पलंगावर उड्या मारायच्या नाहीत, एवढे ठरवले की पुरते. पलंग खिडकीशी किंवा गॅलरीच्या दाराशी सरकवता आला तर खालच्या क्रिकेटचा धावफलक लिहिण्याचे काम त्याला मिळते. मात्र खिडकीला ग्रिल हवे. प्लास्टरवर सह्या आणि चित्रे काढायची, ती ते पूर्ण वाळल्यावरच.

प्लास्टर निघाल्यावर?

प्लास्टर कापायच्या यंत्राचा आवाज मोठा असतो आणि मुले घाबरतात. त्याचे पाते गरगर फिरत नाही, नुसते थरथरते, हे आदल्या दिवशी सांगून बाहुलीच्या पायावर कागदी प्लास्टर कापून दाखवावे. आतून निघालेला पाय बारीक, कोरडा, साली निघणारा दिसतो. काही आठवडे मूल लंगडतेही. ते बहुधा हळूहळू आपोआप जाते. धावणे, सायकल आणि क्रिकेट यांना परवानगी कधी, ते डॉक्टरांना त्याच दिवशी, मुलासमोरच विचारून घ्यावे. नाहीतर घरी येईपर्यंत ते जिन्यावरूनच मित्रांना हाका मारू लागलेले असते.