मॅकेन्झी : पाणी किती, त्याहून केव्हा

मे २०२१ मध्ये कॅनडाच्या मॅकेन्झी नदीचे पाणी फोर्ट सिम्प्सन गावात शिरले आणि लोकांना घरेदारे सोडून बाहेर पडावे लागले. तीनच वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात, हीच नदी इतकी उतरली की खालच्या अंगाच्या नॉर्मन वेल्सकडे जाणाऱ्या मालवाहू तराफ्यांच्या फेऱ्या रद्द झाल्या. त्या गावाला बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात बर्फावरची वाट, एरवी नदी नाहीतर विमान. या बातम्या वाचून कुणीही म्हणेल की नदी लहरी आहे, कधी ओला दुष्काळ तर कधी कोरडा. पण सुमारे १८ लाख चौरस किलोमीटरच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास सहापट खोऱ्यात वर्षभराचे पाणी मोजून फारसे काही कळत नाही. ते कोणत्या महिन्यात, कुठून सुटते, यावर इथले सारे अवलंबून आहे.

याचे मूळ नदीच्या दिशेत आहे. ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून ती १,७०० किलोमीटरहून अधिक अंतर वायव्येला कापत ब्यूफोर्ट समुद्राला मिळते. वसंत मात्र दक्षिणेकडून चढत येतो. वरच्या अंगाला बर्फ वितळून पाणी धावू लागते, तेव्हा खाली नदीचे पात्र अजून गोठलेलेच असते. फोर्ट सिम्प्सनपाशी लिआर्ड नदी डोंगरातले हिमपाणी घेऊन येते आणि मॅकेन्झीच्या अभंग बर्फावर आदळते. लाद्या फुटतात, एकमेकींवर चढतात, पात्रात बांध पडतो आणि मागे तुंबलेले पाणी झपाट्याने चढते. गावाला हा पूर नकोसा, पण मुखाजवळच्या १३,००० चौरस किलोमीटरच्या त्रिभुज प्रदेशातली हजारो तळी त्याच्यावर जगतात. त्यांतली कित्येक उन्हाळी पातळीपेक्षा उंचावर आहेत. बर्फाच्या बांधाने उचलल्याखेरीज नदीचे पाणी तिथवर पोचत नाही. याच प्रदेशातल्या अक्लाविक गावाला सतत पूर येतो म्हणून सरकारने १९५० च्या दशकात इनुविक हे नवे गाव वसवले, तरी अनेक कुटुंबे हलली नाहीत. मासे आणि मस्करॅट जिथे मिळतात, तिथे पुराची तक्रार करायची कशी!

या वेळापत्रकात माणसाने हात घातला तो फार दूर, ब्रिटिश कोलंबियात. याच खोऱ्यातल्या पीस नदीवरच्या बेनेट धरणामागचा विलिस्टन जलाशय १९६८ ते १९७१ या काळात भरला, आणि खाली अथाबास्का सरोवराच्या टोकाला असलेला पीस-अथाबास्का त्रिभुज प्रदेश कोरडा पडू लागला. धरण पाणी गिळत नाही, वीज करून सोडून देते, हा युक्तिवाद खरा आहे. पण विजेची मागणी कडाक्याच्या थंडीत, म्हणून उन्हाळ्याचे पाणी अडते आणि हिवाळ्यात सुटते. हिवाळी प्रवाह वाढला की नदी वरच्या पातळीवर गोठते. मग तो बर्फ उचलून काठाबाहेर पाणी घालवायला वसंतात पूर्वीपेक्षा मोठा लोंढा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धरणानंतरही १९७४, १९९६ आणि १९९७ मध्ये बर्फबांधाचे पूर आले, आणि तळ्यांच्या गाळाचा अभ्यास करणारे काही संशोधक सांगतात की कोरडे कालखंड धरणाआधीही होते. हवामानाचा वाटा मोठा आहे, हे मान्यच करायला हवे. २०२४ ची उतरती पातळी तर मुख्यतः दुष्काळाचीच. पण त्याने धरण निर्दोष ठरत नाही. डोंगरात हिम कमी पडणाऱ्या काळात लोंढा आधीच दुबळा असतो. त्याच्यापुढे उंबरठा उंच करून ठेवणे हा माणसाचा निर्णय आहे आणि तो बदलता येतो. पाऊस बदलता येत नाही.

खोऱ्यातल्या सरकारांनी १९९७ मध्ये सामायिक पाण्याचा करार केला. त्याची खरी कसोटी धरणातून कोणत्या आठवड्यात किती पाणी सोडायचे, हे ठरवताना खालच्या गावांना मत आहे की नाही, यावर लागेल. पीस नदीवरच्या साइट सी या आणखी एका धरणाचा जलाशय २०२४ मध्ये भरला आहे.