हात सुटला नाही
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, पाचट आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा घेतला आहे. गळीत हंगाम रंगात येतो त्याच सुमारास दरवर्षी २६ नोव्हेंबर येतो. चौकात फलक लागतो, फोटोला हार पडतो, आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या तोडीच्या मागे लागतो. हार घालणे वाईट नव्हे. पण ज्याला हार घातला त्याने नेमके केले काय, हे आपल्या पोराबाळांना नीट सांगता यायला हवे. तेवढ्यासाठी हा लेख.

केडंबे ते गिरगाव

तुकाराम गोपाळ ओंबळे हे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. डोंगराचा मुलूख. पाऊस धो धो, पण जमीन तुकड्या-तुकड्यांची. अशा गावांचा एक पाय पहिल्यापासून मुंबईत. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडीत, तर कुणी पोलिसात. आपल्या कार्यक्षेत्रातही अशी घरे थोडी नाहीत, ज्यांचे आजोबा-चुलते लालबाग-परळच्या एका खोलीत दहा-दहा जण राहून गावाकडे मनिऑर्डर पाठवीत आले.

ओंबळे आधी लष्करात, सिग्नल विभागात होते. तिथली नोकरी पुरी करून १९९१ साली ते मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून लागले. २००८ साली ते डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. गिरगाव चौपाटीचा बंदोबस्त या भागातल्या पोलिसांच्या पाचवीलाच पुजलेला. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळचे गणपती चौपाटीवर येतात, ते दुसरा दिवस उजाडला तरी येतच असतात. सगळी मुंबई नाचते आणि पोलीस उभा असतो. पायाला गोळे आले तरी उभा. तिकडे सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर माणसांचा सागर लोटतो, तिथेही तोच. याला शौर्य म्हणून कुणी टाळी वाजवीत नाही. पण आमच्या मते खरी तालीम इथेच होते. नेमून दिलेली जागा सोडायची नाही, ही सवय अशाच हजार दिवसांनी अंगात मुरते.

ती रात्र

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी दक्षिण मुंबईत हाहाकार उडवला. त्यांतले दोघे, इस्माईल खान आणि अजमल कसाब, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बेछूट गोळीबार करून कामा रुग्णालयाकडे गेले. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे यांना टर्मिनसवर वीरमरण आले. पुढे रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिन्ही अधिकारी धारातीर्थी पडले. या दोघांनी पोलिसांचीच गाडी पळवली. तिचे चाक बसल्यावर दुसऱ्याची स्कोडा गाडी हिसकावली आणि ते मरीन ड्राइव्हने गिरगाव चौपाटीच्या दिशेने निघाले.

चौपाटीवर नाकाबंदी लावलेली होती. मध्यरात्र उलटून गेली होती. वायरलेसवर गाडीचा निरोप आलेला. अडथळा पाहून गाडी थांबली, वळायला गेली आणि दुभाजकाला अडकली. चकमकीत इस्माईल खानाला गोळी लागली. दुसऱ्या बाजूला कसाब होता, हातात एके-४७. ओंबळे यांच्या हाती होती काठी.

ओंबळे पुढे झाले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या सुटल्या. त्या त्यांच्या अंगात गेल्या, पण हात सुटला नाही. सहकारी अधिकारी संजय गोविलकर यांनाही गोळी लागली. पण तेवढ्या वेळात बाकीच्या पोलिसांनी झडप घालून कसाबला जेरबंद केले. ओंबळे यांनी देह ठेवला.

सभासद बंधूंनो, हे पुन्हा एकदा वाचा. या माणसाने त्या रात्री एकही गोळी झाडली नाही. एकही संवाद फेकला नाही. नुसते धरून ठेवले.

जिवंत पकडल्याने काय झाले?

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या दहांपैकी कसाब तेवढा जिवंत हाती लागला. डोळ्यांसमोर आपला माणूस कोसळलेला असताना मारेकऱ्याला जागीच संपवावे असे कुणालाही वाटेल. तरीही पोलिसांनी त्याला जिवंत ठेवले, नायर रुग्णालयात नेले. संतापाला आवर घालणे हेही शौर्यच, आणि ते फार कठीण.

त्यामुळे कट कुठे शिजला, माणसे कुठून आली, हे जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले. चिंचपोकळीजवळच्या आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसले. साक्षीदार पुढे आले. पायाला गोळी लागलेली एक शाळकरी मुलगी कुबडी घेऊन आली आणि तिने भर कोर्टात आरोपीला ओळखले. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला. २०१२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला ती अमलात आली. एका साध्या फौजदाराने नळी सोडली नाही, म्हणून १६६ बळींना कायद्याच्या मार्गाने न्याय मागता आला.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. आमच्यासारख्या शेतीखात्याच्या माणसाला विशेष वाटावी अशी आणखी एक आठवण: ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी २०२१ साली 'आयसियस तुकारामी' हे नाव दिले. हा उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. हे कोळी जाळे विणून वाट बघत बसत नाहीत, भक्ष्यावर थेट झेप घेतात. आपल्या उसातही कोळी पाकोळी-माव्यावर ताव मारून फुकटात राखण करतात. पाचट पेटवलीत की हे राखणदारही जळतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आपल्या बांधावरची गोष्ट

पहाटे शिवारफेरीला निघालो की गाडीरस्त्याने धावणारी पोरे-पोरी आम्हांला भेटतात. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय गोळाफेक. छान आहे. पण बऱ्याच जणांच्या डोक्यात पोलीस म्हणजे पडद्यावरचा: काळा चष्मा, एका बुक्कीत दहा गुंड. त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांनी ओंबळे यांची गोष्ट सांगावी. वर्दीचे काम म्हणजे बहुतेक दिवस उभे राहणे, थांबवणे, विचारणे, लिहून घेणे. आणि एखाद्या रात्री यातूनच सगळे उभे राहते.

आता जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हंगामात रात्री-बेरात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर क्षमतेपेक्षा जादा ऊस, आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाणे जोरात. मोटारसायकलवरचा पोरगा मागून येऊन धडकतो आणि एक घर बसते. अशा वेळी नाक्यावरचा शिपाई ट्रॉली अडवतो. लगेच फोन सुरू: 'आमचा माणूस आहे, सोडा.' कधी पुढाऱ्याचा, कधी संचालकांच्या नावाने. तो शिपाई 'नाही, रिफ्लेक्टर लावूनच पुढे जा' म्हणतो, तेव्हा त्याच्यापुढे एके-४७ नसते हे खरे. पण बदलीची भीती असते, वरून येणारी बोलणी असतात. तरी तो जागा सोडत नाही. चौपाटीवरची नाकाबंदी आणि आपल्या फाट्यावरची नाकाबंदी एकाच जातीची.

तेव्हा यंदाच्या हंगामात एवढे करू या. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि कापडी पट्टी स्वतः तपासून मगच गाडी फडातून बाहेर काढू. पोलिसाने अडवले तर वशिल्याचा फोन करणार नाही. आणि कधी साक्ष द्यायची वेळ आली तर 'मला कशाला मधे घेता' म्हणून मागे सरणार नाही. ती कुबडी घेतलेली पोर कोर्टात चढली, आपण तर धडधाकट आहोत.

फोटोला हार जरूर घालू. पण रात्री फाट्यावर कुडकुडत उभ्या असलेल्या शिपायाला थांबून 'दादा, चहा घेणार का?' एवढे विचारले, आणि त्याने हात केल्यावर गाडी मुकाट्याने बाजूला घेतली, तर तो हार केडंब्याच्या त्या फौजदाराला खरा पोचेल, असे आम्हांस वाटते.