ड्रमसेटची मांडणी आणि वादकाची सुलभता : खानदेशातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत स्नेहसंमेलन आणि युवक महोत्सवाच्या तयारीत ड्रमसेट आता अपरिचित राहिलेला नाही. तथापि, एकाने एकदा लावलेल्या सेटवर पुढे अनेक विद्यार्थी वाजवितात. त्यामुळे उद्भवणारी मनगट, खांदे व कंबर यांची दुखणी सरावाच्या अभावाची मानली जातात. वस्तुतः दोष बहुधा मांडणीचा असतो. या मांडणीचा क्रम स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

परंपरा व भेद :
सातपुड्यातील ढोल वा वरातीच्या बँडमधील साइड ड्रम पट्ट्याने अंगावर अडकविला जातो. पट्टा लहानमोठा केला की वाद्य वादकाच्या मापाचे होते. तबलावादक बैठकीनुसार डग्गा-तबला सरकवितो. ड्रमसेट मात्र स्टँडवर स्थिर असतो. विल्यम लुडविग यांच्या 1909 च्या पेटंटप्राप्त पेडलमुळे मोठा ड्रम पायाने जलद वाजविणे सुकर झाले आणि एकाच बसलेल्या वादकावर चारही अवयवांचा भार आला. म्हणून येथे माप जाणीवपूर्वक घ्यावे लागते.

मांडणीचा क्रम :
1) आसन : प्रथम केवळ स्टूल ठेवावे. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या व पाठ सरळ राहील इतकी उंची असावी.
2) पेडल : सहज बसल्यावर पावले जेथे टेकतात तेथेच पेडल ठेवावीत. परिणामी बेस ड्रम किंचित तिरपा झाला तरी हरकत नाही.
3) स्नेअर : तो दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, काठी मांडीला लागणार नाही इतक्या उंचीवर असावा.
4) हाय-हॅट : उजव्या हाताची काठी डाव्या हातावरून अडथळ्याविना जाईल एवढी उंची द्यावी.
5) टॉम व झांजा : कोपर शरीराजवळ ठेवून पोहोचता यावे; झांजेसाठी हात खांद्याच्या वर न्यावा लागू नये.

डावखुऱ्या विद्यार्थ्यासाठी हा क्रम आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटा करावा. त्याला उजव्या हाताने वाजविण्याची सक्ती करणे अनुचित होय.

व्यावहारिक सूचना :
एकच सेट अनेकांना वापरावा लागतो, ही महाविद्यालयांची वास्तव मर्यादा आहे. त्यावर अल्पखर्चाचा उपाय म्हणजे सतरंजीवर व स्टँडच्या दांड्यांवर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीची खूण करणे होय. खुणा असल्या की मांडणी बदलण्यास थोडी मिनिटे पुरतात. बंद खोलीतील सरावात कानांचे संरक्षणही आवश्यक आहे. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास, तर तीन डेसिबल वाढताच त्याच्या निम्मा वेळ, अशी मर्यादा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था सुचविते.

समारोप :
वाद्यापुढे वादकाने वाकावे, ही अपेक्षा सरावास मारक ठरते. विद्यार्थ्याच्या हाती काठ्या देण्यापूर्वी त्याचे आसन पाहणे, ही मार्गदर्शक प्राध्यापकांची पहिली जबाबदारी होय.